शिवसुमनची मोजदाद

जुन्नरच्या परिसरातले कडे पावसाळ्याच्या अखेरीस दुर्बिणीतून न्याहाळले, तर खडकाच्या फटींतून लोंबणाऱ्या जाडसर, रसदार फांद्या दिसतात आणि त्यांवर पिवळ्या ठिपक्यांची गडद तांबडी, पंचकोनी फुले. हेच शिवसुमन. पावसात त्याला पाने असतात. उन्हाळ्यात ती गळतात आणि खोडातल्या पाण्यावर झाड तग धरते. त्याच्या जवळच्या नातलगांना अशी ठसठशीत पाने नसतात. डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६० च्या दशकात त्याची नोंद केली, ती स्वतंत्र प्रजाती (जीनस) मानून. मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्यावरून नाव दिले 'फ्रेरिया इंडिका'.

फ्रेरियात जात एकच. म्हणजे शिवसुमन संपले, तर अख्खी प्रजाती संपली. पुढे काही अभ्यासकांनी पाने बाजूला ठेवून फुलांची रचना आणि डीएनए पाहिला आणि त्याला 'बाउसेरोसिया' या अनेक जातींच्या प्रजातीत बसवले. कड्यावरचे झाड तेच. पण कागदावर ते आता अनेकांतले एक. संरक्षणाची निकड अशा नामांतरावर ठरू नये, असे मला वाटते.

धोका मोजण्याचे आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेचे निकष मात्र आकड्यांचे आहेत. नकाशावर दोन बाय दोन किलोमीटरचे चौकोन आखायचे आणि झाड असलेले चौकोन मोजायचे. एकूण क्षेत्र दहा चौरस किलोमीटरपेक्षा कमी भरले, तर 'अतिसंकटग्रस्त' श्रेणीचा विचार होतो. तेवढ्यावर भागत नाही. अधिवास तुटक असणे, सतत घट होणे अशा अटींपैकी किमान दोन पूर्ण होत असल्याचा पुरावाही लागतो. गंमत अशी, की उभा कडा वरून पाहता नकाशावर जेमतेम रेघ भरतो, तरी त्याच्या नावावर चार चौरस किलोमीटर लागतात!

डोकी मोजणेही सोपे नाही. शिवसुमनची फांदी तोडून लावली तरी रुजते, त्यामुळे देशोदेशीच्या हौशी मंडळींच्या कुंड्यांत ते सुखाने वाढते. ही कुंड्यांतली झाडे गणतीत धरत नाहीत. धरतात ती रानातली. शिवाय एकाच फांदीपासून केलेल्या शंभर कुंड्या म्हणजे जनुकांच्या हिशेबात एकच झाड.

पुरंदर, वज्रगड, सज्जनगड इथेही शिवसुमन सापडल्यावर ठिकाणांची संख्या वाढली. अशाने एखाद्या वनस्पतीची श्रेणी खाली आली, तरी तिची झाडे वाढलेली नसतात. म्हणूनच आययूसीएन श्रेणीबदलाचे कारण वेगळे नोंदवते: परिस्थिती खरोखर पालटली, की फक्त आपली माहिती वाढली.