भिंतीवरचं टिपण

चित्रटिपण म्हणजे दोन-चार रेघांचं चित्र आणि शेजारी ठसठशीत अक्षर. वर्धा जिल्ह्यात त्याचं जवळचं भावंड वहीत नाही, भिंतीवर सापडतं.

गांधीजी १९३६मध्ये या जिल्ह्यातल्या सेगावला राहायला आले. (बुलढाण्याच्या शेगावशी टपालाची गल्लत होई, म्हणून १९४०मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं.) तिथल्या बापूकुटीच्या, म्हणजे गांधीजींच्या झोपडीच्या, भिंतीवर त्यांच्या शिष्या मीराबहन यांनी मातीच्या उठावात ताडाची झाडं, मोर आणि ॐ काढले. याला टिपण म्हणावं का, यावर वाद घाला खुशाल. पण चित्र आणि अक्षर एकाच हातानं, एकाच मातीत उमटलेलं असं दुसरीकडे क्वचितच दिसेल. समोरून पाहिलं तर उठाव सपाट वाटतो. जरा बाजूला सरका, तिरपा उजेड पडू द्या, की कडेला बारीक सावली पडते आणि झाड भिंतीतून पुढं येतं.

पुढे १९४४मध्ये शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद सेवाग्रामला गांधीजींच्या शिक्षणविचारावर चालणाऱ्या नई तालीम शाळेत कलाशिक्षक म्हणून आले आणि १९६२पर्यंत राहिले. मुलाचं चित्र हुबेहूब झालं का, यापेक्षा त्यानं काय पाहिलं, याकडे त्यांचं लक्ष असे.

तुम्हीही तसंच पाहा: सेवाग्राम आश्रमाला जाताना कोरी वही आणि पेन्सिल घ्या. भिंतीवरच्या मोराचा फोटो नंतर काढा. आधी मान किती रेघांत वळली आहे, ते मोजून वहीत उतरवा. खाली तारीख टाका.