ओव्यांना कॉम्प्युटरचं माहेर

कपाटात जुन्या साड्यांखाली कॅसेटचा खोका असेल तर आधी तो बाहेर काढा. त्यात आजीच्या ओव्या असतील, मंगळागौरीची गाणी असतील. पण दमट हवेत फितीला बुरशी धरते, आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारा आता शोधावा लागतो.

आमच्या मंडळाकडे घराघरांतून अशा चाळीसेक कॅसेट जमल्या. गाणाऱ्या बऱ्याच जणी आज नाहीत. म्हणून आवाज कॉम्प्युटरवर घ्यायचे ठरले. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली, यंत्रांशी माझं फारसं सख्य नाही. पण हे काम पुरणपोळीपेक्षा सोपं निघालं, वेळखाऊ मात्र खरं. टेपच्या हेडफोनच्या भोकातून वायर कॉम्प्युटरच्या ‘लाइन इन’ला जोडायची. नव्या लॅपटॉपला बहुधा ते नसतं, मग यूएसबीला लावायची छोटी डबी घ्यायची. ऑडॅसिटी हा प्रोग्रॅम फुकट मिळतो. तासाची कॅसेट उतरवायला तासच लागतो!

कॉम्प्युटर सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचं माप घेतो आणि ते आकडे डिस्कवर लिहितो. सीडीच्या दर्जाचा एक मिनिटाचा स्टिरिओ आवाज साधारण १० एमबी जागा खातो, मोनो घेतला तर निम्मी. एमपी३ त्याहून लहान, पण ती करताना आवाजातलं थोडं कायमचं गाळलं जातं. ती नातेवाइकांना फोनवर पाठवायला ठीक. मूळ वॅव्ह फाइल जपायचीच.

पूर्वी फीत ब्लेडने कापून चिकटवत. इथे आवाजाची नागमोडी रेघ पडद्यावर दिसते. खोकला निवडला, काढला. नको वाटलं तर परत आणला. मात्र काटछाट नेहमी नकलेवर. आणि जात्याची घरघर पुसू नये, असं माझं स्पष्ट मत. एका ताईंनी ती पुसून पाहिली, तर आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा झाला.

डिस्कही अमर नाही. आतली चकती गरगर फिरत असते, धक्का लागला की सगळं गेलं. म्हणून दोन डिस्क, दोन वेगळ्या घरांत.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या प्रकल्पात लाखाहून अधिक ओव्या जमल्या. २०१७पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ त्या प्रसिद्ध करू लागली. तिथे गाणारीचं नाव नि गाव दिलेलं असतं. आम्हीही फाइलला तेच देतो. एका कॅसेटवर नुसतंच लिहिलं होतं, ‘पाटलांची थोरली सून’. तिचं नाव विचारत आम्ही तीन घरं हिंडलो. शेवटी ते तिच्या माहेरच्या भावजयीने सांगितलं.