लीगमध्ये दुसरा, युरोपात पहिला

27 मे 2018. जर्मनीतले कोलोन शहर, रविवारची संध्याकाळ. वीस हजारांच्या आसपास प्रेक्षक मावणारे भव्य क्रीडागृह आणि युरोपियन हँडबॉलच्या चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना. मैदानावरचे दोन्ही संघ फ्रान्सचे होते. एक नाँतचा, दुसरा मोंपेलिएचा. तिसरा फ्रेंच संघ, पॅरिस सेंट जर्मेन, आदल्याच दिवशी उपांत्य फेरीत गारद झाला होता. म्हणजे युरोपातल्या शेवटच्या चार संघांपैकी तीन एकाच देशाच्या, एकाच लीगचे. मोंपेलिएने सामना 32-27 असा जिंकला. त्याच हंगामात फ्रान्सच्या लीगचे विजेतेपद मात्र पॅरिसला मिळाले आणि मोंपेलिए दुसरा राहिला. घरात दुसरा आलेला संघ युरोपात पहिला आला.

हँडबॉल आपल्याला अगदीच अनोळखी नाही. शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीत तो असतो. चाळीस मीटर लांब आणि वीस मीटर रुंद मैदान, दोन्हीकडे सात-सात खेळाडू, तीस मिनिटांचे दोन डाव. चेंडू हातात घेऊन तीनपेक्षा जास्त पावले टाकायची नाहीत, तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ धरून ठेवायचा नाही. गोलपोस्टसमोर सहा मीटरची रेषा असते. तिच्या आत फक्त गोलकीपर उभा राहू शकतो. म्हणून आक्रमक त्या रेषेवरून हवेत झेपावतो आणि पाय जमिनीला लागण्याआधी चेंडू फेकतो. साठ मिनिटांत एक संघ पंचवीस-तीस गोल सहज करतो. फुटबॉलसारखी एका गोलाची वाट पाहावी लागत नाही.

फ्रान्समध्ये हा खेळ शाळांमधून वाढला. शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांनी तो गावोगाव नेला, आणि लहान शहरांतल्या साध्या क्रीडागृहांतून जगज्जेते घडले. पॅरिसचा दबदबा तसा अलीकडचा. 2012 मध्ये कतारच्या गुंतवणूकदारांनी तिथला क्लब विकत घेतला, नाव बदलले आणि जगभरातले तारे गोळा केले. 2013 मध्ये पॅरिस लीगचा विजेता झाला. 2014 मध्ये डंकर्क या उत्तरेकडच्या बंदराच्या शहराने त्याला मागे टाकले, पण तेवढेच. पुढे दरवर्षी विजेतेपद पॅरिसकडेच राहिले.

त्याआधी ते मोंपेलिएचे होते. 1995 ते 2012 या काळात या क्लबने चौदा वेळा लीग जिंकली.

मोंपेलिए हे भूमध्य समुद्राजवळचे दक्षिण फ्रान्समधले शहर. त्याची जुनी ओळख वैद्यकशिक्षणाची. तिथल्या विद्यापीठात मध्ययुगात इब्न सिना यांचा ‘कानून’ शिकवला जाई. युरोपात अरबी वैद्यकविद्या ज्या वाटांनी पोहोचली, त्यांतली ही एक. हँडबॉलचा क्लब मात्र जन्मला तो शहराच्या टोकाला, ला पायाद नावाच्या वस्तीत, 1982 मध्ये. अल्जेरिया स्वतंत्र झाल्यावर तिथून परतलेल्या फ्रेंच कुटुंबांसाठी साठच्या दशकात या वस्तीतल्या उंच इमारती उभ्या राहू लागल्या. पुढे त्याच घरांत मोरोक्को आणि उत्तर आफ्रिकेतल्या इतर देशांतून आलेली कामगार कुटुंबे राहू लागली. आज फ्रान्समध्ये अशा वस्तीचे नाव काढले की बातमी बहुधा बेरोजगारीची किंवा पोलिसांची असते. युरोपचा चषक दोनदा जिंकणारा क्लब अशाच वस्तीतून निघाला, हे मला त्यातले सर्वांत मोलाचे वाटते. त्या वेळचे महापौर जॉर्ज फ्रेश यांनी शहराचे नाव खेळांतून मोठे करायचे ठरवले होते. क्लबला पाठबळ मिळाले, आणि 1994 मध्ये पात्रिस कानाये नावाचे प्रशिक्षक आले. ते थेट 2024 पर्यंत राहिले.

2003 मध्ये मोंपेलिए चॅम्पियन्स लीग जिंकणारा पहिला फ्रेंच क्लब ठरला. तेव्हा अंतिम फेरीत दोन सामने असत. स्पेनमध्ये पामप्लोनाच्या संघाने त्यांना 27-19 असे हरवले. आठ गोलांची पिछाडी घेऊन ते घरी आले आणि परतीचा सामना 31-19 असा जिंकला. पामप्लोनाच्या त्या संघात जॅक्सन रिचर्डसन होते, फ्रेंच हँडबॉलचे पहिले मोठे नाव. मोंपेलिएकडे दोन पोरगेले खेळाडू होते, निकोला काराबाटिच आणि मिकाएल गिगू. ही तीन नावे लक्षात ठेवा.

आता 2012 कडे येऊ. ते टाळून 2018 चा हंगाम समजत नाही.

12 मे 2012 रोजी मोंपेलिएचा सामना रेन शहराजवळच्या सेसाँ संघाशी होता. मोंपेलिएचे विजेतेपद आधीच पक्के झाले होते, त्यांना त्या सामन्यातून काही मिळवायचे नव्हते. सेसाँला तळातून वर येण्यासाठी गुण हवे होते. मध्यंतराला सेसाँ 15-12 असा पुढे होता, शेवटी 31-28 असा जिंकला. विजेत्यांनी शेवटी ढिलाई केली, असे म्हणून कुणीही पुढे गेले असते. पण पैजा घेणाऱ्या सरकारी कंपनीला आकडे खटकले. या एका सामन्यावर, तेही मुख्यतः मध्यंतराला कोण पुढे असेल यावर, एक लाख युरोंहून अधिक रक्कम लागली होती. अशा सामन्यावर एरवी किरकोळ पैसे लागत. योगायोग असा की, फ्रान्सने ऑनलाइन पैजांना मोकळीक देणारा कायदा 12 मे 2010 चा. बरोबर दोन वर्षांनी हा सामना झाला.

क्रिकेटने ‘फिक्सिंग’ हा शब्द आपल्याला केव्हाच शिकवला आहे, त्यामुळे पुढचे फार समजावून सांगायला नको. 30 सप्टेंबर 2012 रोजी पॅरिसमध्ये मोंपेलिएचा सामना संपला आणि पोलिसांनी खेळाडूंना तिथूनच ताब्यात घेतले. त्यात निकोला काराबाटिच होते, त्यांचा धाकटा भाऊ लुका होता. दोनच महिन्यांपूर्वी निकोला यांनी लंडनमध्ये ऑलिम्पिकचे दुसरे सुवर्ण जिंकले होते. सेसाँविरुद्ध ते दुखापतीमुळे खेळलेही नव्हते, आणि सामना मुद्दाम सोडल्याचा आरोप त्यांनी शेवटपर्यंत नाकारला. 2015 मध्ये न्यायालयाने त्यांना दहा हजार युरोंचा दंड केला. 2017 मध्ये अपिलाच्या न्यायालयानेही दोष कायम ठेवला आणि दंडाबरोबर दोन महिन्यांची स्थगित कैद सुनावली.

संघ मोडला. 2013 च्या सुरुवातीला निकोला मोंपेलिए सोडून गेले, आधी एक्स, मग बार्सिलोना आणि 2015 मध्ये पॅरिस. लुकाही पुढे पॅरिसलाच पोहोचले. बदनाम झालेल्या क्लबसमोर दोन वाटा होत्या. उसनवारीने मोठी नावे आणायची, किंवा आपल्याकडची मुले घडवायची. पॅरिसच्या पैशाशी बरोबरी शक्यच नव्हती. कानाये यांनी दुसरी वाट धरली, आणि त्या वाटेला वेळ लागतो. विजेतेपदांची सवय झालेल्या प्रेक्षकांनी सहा हंगाम लीगचा चषक पॅरिसकडे किंवा डंकर्ककडे जाताना पाहिला. शहरातले क्रीडागृह तेच होते, जेमतेम तीन हजार प्रेक्षकांचे.

2017-18 चा संघ या सब्रातून उभा राहिला. ल्युदोविक फाब्रेगास क्लबच्याच प्रशिक्षण केंद्रात तयार झालेला, सहा मीटरच्या रेषेवर बचावपटूंच्या गर्दीत पाठ लावून उभा राहणारा, बावीस वर्षांचाही न झालेला. गोलमध्ये व्हँसाँ जेरार, ज्यांनी 2014 मध्ये डंकर्ककडून पॅरिसला अडवले होते. अर्जेंटिनाचा दिएगो सिमोनेत आक्रमण चालवायचा. डाव्या कडेला गिगू, 2003 च्या विजयातला, आता छत्तीस वर्षांचा. वादळात आणि वादळानंतरही तो मोंपेलिएतच राहिला होता. आणि त्याच हंगामात आलेला एकवीस वर्षांचा डावखुरा मेल्विन रिचर्डसन. जॅक्सन यांचा मुलगा. वडील ज्या संघाविरुद्ध युरोपचा चषक हरले, त्याच संघाचा गणवेश मुलाच्या अंगावर होता.

लीगमध्ये चौदा संघ होते, प्रत्येकाला सव्वीस सामने. इतक्या लांब शर्यतीत खोल खिसा कामी येतो. एक तारा जायबंदी झाला तर पॅरिसकडे बाकावर दुसरा ताराच बसलेला असे. एकेका संध्याकाळचा हिशेब वेगळा. चॅम्पियन्स लीगमध्ये मोंपेलिएने बार्सिलोनाला निसटते हरवले, मग जर्मनीच्या फ्लेन्सबुर्गला बाहेर काढले. कोलोनमध्ये समोर आला उत्तर मॅसिडोनियाचा वार्दार, गतविजेता. ती उपांत्य लढत 28-27 अशी सुटली, अगदी अखेरच्या क्षणांत, सिमोनेतच्या गोलने. दुसऱ्या उपांत्य सामन्यात नाँतने पॅरिसला 32-28 असे हरवले. पॅरिसच्या त्या संघात दोघे काराबाटिच भाऊ होते.

त्या वर्षीचा रमजान मेच्या मध्यावर लागला होता. कोलोनमध्ये मे अखेरीस सूर्य साडेनऊच्या सुमारास मावळतो. रोजा सतरा-अठरा तासांचा होतो. अंतिम सामना संध्याकाळी सहाला सुरू झाला. मोंपेलिएने चषक उंचावला, तेव्हा त्या शहरात इफ्तारला तासाहून जास्त वेळ बाकी होता. ला पायादच्या घरांत मोरोक्कोची हरीरा, मसूर आणि हरभऱ्याचे ते दाट सूप, बहुधा चुलीवर रटरटत असेल. आपल्या मोहल्ल्यांत त्या दिवसांत खिचडा शिजतो, तसे.

अंतिम सामना मात्र उपांत्य लढतीइतका श्वास रोखणारा झाला नाही. नाँतचा संघ पहिल्यांदाच इथवर आला होता आणि पॅरिसला हरवण्यात त्याने सारी ताकद ओतली होती. मोंपेलिएने आघाडी घेतली आणि ती सोडली नाही. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून सिमोनेतची निवड झाली. गिगूने पंधरा वर्षांनी तोच चषक, त्याच क्लबसाठी, पुन्हा हातात घेतला.

निकोला काराबाटिच यांनी हा चषक तीन क्लबांकडून जिंकला आहे. मोंपेलिए, कील आणि बार्सिलोना. नऊ वर्षे पॅरिसकडून खेळून 2024 मध्ये ते निवृत्त झाले, पण पॅरिसकडून तो त्यांना मिळाला नाही.

2018 च्या उन्हाळ्यातच फाब्रेगास बार्सिलोनाला गेला. वर्षभराने गिगू शेजारच्या नीमला गेला. पुढच्या हंगामातही लीग पॅरिसने जिंकली आणि कानाये पुन्हा नव्या मुलांना घेऊन सरावाला उतरले.