कडुलिंब की बकाण? पान बघा!

मैत्रिणींनो, पाडव्याला आपण कडुलिंबाची 'पानं' ओरबाडतो, त्या खरं तर पर्णिका. उसाला असतो तसा डोळा देठाच्या बगलेत, फांदीला लागून शोधा. डोळ्यापासून पुढचं सगळं मिळून एकच पान! पर्णिकेच्या बुडाशी डोळा नसतो. आंब्याचं पान साधं, कडुलिंबाचं संयुक्त.

आम्ही माण-आटपाडीकडच्या बायका शेळ्यांना पाला तोडतो, म्हणून हे नीट बघतो. बकाण निंब दिसतो कडुलिंबासारखाच, पण त्याची फळं माणसाला, जनावराला विषारी. फुलं जांभळी, कडुलिंबाची पांढरी. रोपाला कुठलं फूल? मग पान उलगडायचं. कडुलिंबाच्या मधल्या काडीवर थेट पर्णिका. बकाणाच्या काडीला आधी बारक्या काड्या फुटतात, पर्णिका त्यांच्यावर.