चार महिन्यांचा कारखाना

वरूड-मोर्शीचा पट्टा महाराष्ट्राला संत्र्यासाठी ठाऊक असला, तरी काळ्या जमिनीतील कापूस हे या भागाचे त्याहून जुने नगदी पीक आहे, आणि वेचलेल्या कापसाची यंत्राशी पहिली गाठ पडते ती जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यात, ज्याला वऱ्हाडात नुसते 'जिन' म्हटले जाते. दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडावर थंडावणाऱ्या या कारखान्यात आरोग्य व सुरक्षा व्यवस्थापन हा शब्दप्रयोग क्वचितच ऐकू येतो. या व्यवस्थापनाचा अर्थ असा की, कामातले धोके अपघात होण्याआधी ओळखावेत, प्रत्येक धोका दूर करण्याची जबाबदारी नेमून द्यावी आणि घडलेल्या तसेच थोडक्यात टळलेल्या अपघातांची नोंद ठेवून कामाची पद्धत सुधारत न्यावी. मोठ्या उद्योगांत यासाठी स्वतंत्र विभाग असतो. जिनमध्ये मात्र मालक, मॅनेजर, फिटर आणि मुकादम एवढीच काय ती व्यवस्था, आणि तीही हंगामापुरती.

हे 'हंगामापुरते' असणे कायद्याच्या इतिहासात कामगारांना फार महागात पडले आहे. मुंबईहून निघालेला लोहमार्ग 1867 मध्ये नागपूरला पोचल्यावर वऱ्हाडच्या कापसाला परदेशी बाजाराचा रस्ता मोकळा झाला आणि वाफेवर चालणारे जिन उभे राहू लागले. त्यानंतर आलेल्या 1881 च्या पहिल्या कारखाना कायद्याने यंत्रशक्ती वापरणारा, किमान 100 माणसे असलेला आणि वर्षातून किमान चार महिने चालणारा असाच कारखाना आपल्या कक्षेत घेतला. 1891 च्या कायद्याने माणसांची अट 50 वर आणली, तरी चार महिन्यांची अट तशीच ठेवली. परिणामी ज्या कारखान्यांत हंगाम उरकण्याच्या घाईत बायामाणसांना सर्वाधिक तास राबवले जाण्याचा संभव होता, त्यांतलेच अनेक कायद्याबाहेर राहिले, आणि ही फट बुजवायला 1911 चा कायदा यावा लागला. धोका किती दिवस चालतो, यावर तो किती गंभीर आहे हे ठरत नाही, एवढी साधी गोष्ट मान्य व्हायला तीस वर्षे गेली.

1948 च्या कारखाना कायद्याने कापसासाठी एक खास कलमच ठेवले होते. त्याच्या 27 व्या कलमानुसार, कापूस दाबण्याच्या कारखान्यात ज्या भागात 'कॉटन ओपनर', म्हणजे दबलेला कापूस फिरत्या दातेरी भागाने मोकळा करणारे यंत्र, चालू असेल, तेथे स्त्रिया व मुलांना कामावर ठेवण्यास मनाई होती. मात्र यंत्राची माल घेणारी आणि माल बाहेर टाकणारी अशी दोन टोके छपरापर्यंत किंवा निरीक्षकाने लेखी ठरवून दिलेल्या उंचीपर्यंतच्या भिंतीने वेगळी केली असतील, तर माल घेणाऱ्या टोकाकडे त्यांना काम करता येत असे. या कलमात एक महत्त्वाचे तत्त्व दडलेले होते: जपून काम करा, असे कामगाराला बजावण्याऐवजी कायदा तेथे भिंत मागत होता. स्त्रियांना सरसकट दूर ठेवण्याची त्यातली दृष्टी आज जुनी वाटेल, पण भिंतीचा आग्रह जुना झालेला नाही.

जिनमधील धोके तीन प्रकारचे आहेत आणि त्यांतला एकच डोळ्यांना लगेच दिसतो. विदर्भात प्रामुख्याने वापरल्या जाणाऱ्या डबल रोलर जिनमध्ये चामड्याच्या चकत्या बसवलेले दोन रोलर सरकीवरची रुई ओढून घेतात, तर स्थिर आणि हलणाऱ्या पात्यांमुळे सरकी सुटून खाली पडते. रोलरपाशी कापूस अडकला की तो हाताने मोकळा करण्याचा मोह होतो, आणि लुगड्याचा पदर, सैल बाही किंवा बोटे तेथेच सापडतात. चालू यंत्राची तपासणी करण्याचे किंवा त्याला वंगण घालण्याचे काम केवळ प्रशिक्षित प्रौढ पुरुष कामगाराने, कारखान्याने पुरवलेले घट्ट कपडे घालूनच करावे, ही 1948 च्या कायद्यातील अट अशाच धोक्यासाठी होती. दुसरा धोका आगीचा आहे. कापसासोबत आलेला खडा, खिळा किंवा नटबोल्ट यंत्रातल्या लोखंडावर आपटला की ठिणगी उडते, ती रुईत शिरते, आणि 170 किलोच्या आवळलेल्या गाठीत शिरली तर बाहेर धूरही न दिसता आत बराच काळ धुमसत राहते. वरून पाणी मारून अशी गाठ विझत नाही, कारण पाणी आत झिरपतच नाही.

तिसरा धोका धुळीचा, आणि तोच सर्वांत दुर्लक्षित आहे. कापसाच्या बारीक धुळीमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या विकाराला बिसिनोसिस म्हणतात. सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटणे आणि दम लागणे हे त्याचे सुरुवातीचे लक्षण होय. 1948 च्या कायद्याने तो कळवणे बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत घातला होता. परंतु आजार कळवायचा तर आधी तो कोणी तरी तपासून ओळखायला हवा. कामगार दिवाळीनंतर येतो, होळीच्या आसपास जातो, पुढच्या वर्षी कदाचित दुसऱ्याच जिनवर असतो. त्यामुळे त्याची छाती सलग दोन हंगाम एकाच नोंदवहीत उतरणे दुर्मीळच, आणि आजार कागदावर न येताच वाढत जातो.

अशा ठिकाणी व्यवस्थापन म्हणजे काय, हे सुरक्षाशास्त्रातल्या उतरंडीवरून कळते. या उतरंडीत धोका मुळातच काढून टाकणे सर्वांत वर असते. ते न जमल्यास कमी धोक्याची पद्धत, मग यंत्रावरचे आवरण किंवा धूळ खेचणारी व्यवस्था, मग कामाचे नियम व प्रशिक्षण, आणि सगळ्यांत शेवटी तोंडावरचा मास्क व हातमोजे. आपल्याकडे बहुतेकदा खालच्या पायरीपासून सुरुवात होते, कारण मास्क स्वस्त असतो. केंद्र सरकारने 2000 साली सुरू केलेल्या कापूस तंत्रज्ञान मिशनमधून जिनिंगचे आधुनिकीकरण झाले, तेव्हा यंत्राने कापूस पुढे नेण्याची व साफ करण्याची सोय रुईच्या प्रतीसाठी आली; पण तिच्यामुळेच माणसाच्या हाताने ओढायचे आणि उचलायचे काम घटले. यंत्रात जाण्यापूर्वी लोखंड वेचणारे चुंबकही मालाची प्रत आणि कामगाराचा जीव असे दोन्ही राखते. सुरक्षेवरचा खर्च वाया जातो ही समजूत म्हणूनच तपासून पाहायला हवी.

नियम असूनही संरक्षण कामगारापर्यंत न पोचण्याचा प्रकार जिनबाहेरच्या शेतातही घडतो. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजुरांचा मृत्यू झाला आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. 1971 च्या कीटकनाशक नियमांत संरक्षक कपडे, श्वसनसाधने, प्रशिक्षण आणि वैद्यकीय तपासणी यांची तरतूद होतीच. फवारणाऱ्या मजुराला मात्र ना कारखाना होता ना निरीक्षक, त्यामुळे ती त्याच्यापर्यंत पोचली नाही. मोर्शीच्या संत्राबागांत फवारणी करणाऱ्याची स्थिती यापेक्षा फारशी वेगळी नाही.

2020 ची व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कार्यस्थिती संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आणि 1948 च्या कायद्याची जागा तिने घेतली. तिच्यातील दोन तरतुदी जिनसाठी मोलाच्या ठरू शकतात: प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र, आणि विहित कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी. मुकादमाच्या तोंडी शब्दावर आलेल्या मजुराच्या हाती नेमणूकपत्र असेल, तर अपघात झाल्यावर तो त्या कारखान्यात कामाला होता हे सिद्ध करण्यात महिने जाणार नाहीत. तथापि सुरक्षा अधिकारी नेमण्याचे बंधन साधारण कारखान्यात 500 कामगारांपासून, तर धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात 250 पासून सुरू होते. वीज वापरणारी जागा संहितेच्या व्याख्येत 'कारखाना' ठरते तीच मुळी 20 कामगार झाल्यावर. तालुक्याच्या ठिकाणचा बहुतेक जिन 20 आणि 500 या आकड्यांच्या मधे कुठे तरी असतो.

त्याहून खटकणारी बाब विम्याची आहे. 1948 च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने हंगामी कारखाने वगळले आणि त्यांच्या व्याख्येत कापूस जिनिंग व प्रेसिंग यांचा नावानिशी उल्लेख केला. त्याची जागा घेणाऱ्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ती वगळणूक कायम ठेवली आहे. म्हणजे रोलरमध्ये हात गेलेल्या सूतगिरणीच्या कामगाराला विमा रुग्णालय आणि निवृत्तिवेतनासारखा लाभ मिळू शकतो, तर तशाच अपघातात सापडलेल्या जिनच्या कामगाराला मालकाकडून नुकसानभरपाईसाठी दावा लढवावा लागतो, ज्यासाठी त्याच्याकडे बहुधा ना कागद असतो ना वेळ. 1911 मध्ये कारखाना कायद्यातून जी हंगामाची सवलत काढून टाकण्यात आली, ती विम्याच्या कायद्यातूनही काढून टाकण्याची मागणी विदर्भातील लोकप्रतिनिधींनी आणि कामगार संघटनांनी आता संसदेपुढे मांडायला हवी.