कोठाराची बेगमी : केव्हा आणि किती?

कारखान्याने एका वेळी किती माल मागवावा, याचे सूत्र फोर्ड हॅरिस या अमेरिकी अभियंत्याने 1913 मध्ये मांडले खरे, परंतु ते खप स्थिर असल्याचे गृहीत धरीत असल्यामुळे चंचल बाजारात त्यावर सर्वस्वी विसंबणे धोक्याचे ठरते. ‘केव्हा’ या प्रश्नाचा हिशेब त्यामानाने सरळ आहे: रोज 200 बोल्ट लागत असतील आणि पुरवठ्यास 5 दिवस लागत असतील, तर 1000 आणि जोखमीपोटी आणखी 300, म्हणजे 1300 नग शिल्लक उरताच मागणीपत्रक रवाना व्हावे. हेच 1300 नग दुसऱ्या पेटीत वेगळे ठेवले, तर रोजकीर्द लिहिण्याचीही यातायात उरत नाही. पहिली पेटी रिकामी होताच तिच्या तळाशी ठेवलेले कार्ड स्वतःच वर्दी देते. टोयोटाच्या ताइइची ओनो यांची कानबान पद्धत याच कुळातली, मात्र तिला उत्पादनाचा ओघ समतोल लागतो. जोसेफ ऑर्लिकी यांनी पुरस्कारलेली एमआरपी, म्हणजे सामग्री-गरज नियोजनाची पद्धत, उलटपक्षी, तयार मालाच्या नियोजनावरून सुट्या भागांची गरज मागे मागे मोजत जाते (आणि दप्तरातली शिल्लक खोटी निघाली, की सारा डोलारा कोसळतो). महागड्या, क्वचित लागणाऱ्या भागांस एमआरपी आणि बोल्ट-वायसरांस दोन पेट्या, हा माझा कौल. आपल्या कारखान्यातील वहिवाट कोणती, ते अवश्य कळवावे.