‘खडक लागला’ हे कोण सांगतं?

दादर-माटुंग्याच्या एखाद्या गल्लीत जुनी इमारत पाडून टॉवर उभा राहणार असेल, तर शेजाऱ्यांना त्याची पहिली खबर कानांनी लागते. धप्प. मग विंचची घरघर, मग पुन्हा धप्प. लोखंडी तीन पायांचा ट्रायपॉड, डिझेलवर चालणारी विंच आणि वायररोपला लटकलेली दीड-दोन टनांची चिझल. उचलायची, सोडायची, पुन्हा उचलायची. शेजारच्या सोसायटीच्या बैठकीत हा आवाज ‘भिंतींना तडे’ या विषयाखाली चर्चेला येतो, आणि ती तक्रार बहुतेक वेळा रास्त असते. माझा प्रश्न मात्र वेगळा आहे. त्या आवाजातून खालच्या खडकाबद्दल काय कळतं?

पाइल म्हणजे जमिनीत ओतलेला काँक्रीटचा खांब. भोक पाडायचं, सळ्यांचा पिंजरा सोडायचा, काँक्रीट भरायचं. भोक पाडण्याची यंत्रं पुष्कळ आहेत. अवघड आहे ते कुठे थांबायचं हे ठरवणं. साइटवर त्याला ‘टर्मिनेशन’ म्हणतात. रिग विकणाऱ्यांची माहितीपत्रकं वेग, टॉर्क आणि खोली सांगतात. टर्मिनेशनबद्दल त्यांत फारसं काही सापडत नाही.

आणि मुंबईत हाच प्रश्न नडतो. पोटात बेसाल्ट आहे म्हणून निश्चिंत राहावं, अशी सोय इथे नाही. लाव्ह्याच्या थरांमध्ये टफ (ज्वालामुखीच्या राखेचा दगड) आणि ब्रेशिया (तुकडे चिकटून झालेला दगड) येतात. वरळीच्या बाजूला दोन लाव्ह्यांच्या मध्ये जुन्या तळ्यातल्या गाळाचे थर सापडतात. शिवडी-वडाळ्याकडे आधी खाडीचा काळा चिखल, मग मुरूम, मग कुठे खडक. टफचा काही भरवसा नाही: कोरडा असताना दगड वाटतो, उघडा पडून पाणी लागलं की भुसभुशीत होतो. कडक थरावर हात टेकून थांबावं, तर त्याच्या खाली मऊ पट्टा निघतो.

ट्रायपॉड रिगच्या आपटण्याला साइटवर ‘डीएमसी’ची, म्हणजे डायरेक्ट मड सर्क्युलेशनची, जोड असते. पोकळ रॉडमधून बेंटोनाइटचं पाणी तळाशी पंप करायचं; ते भोकातून वर येताना दगडाचा भुगा घेऊन येतं. बेंटोनाइट ही एक प्रकारची माती, कच्छमधून भरपूर येते. पाण्यात मिसळली की दाट होते आणि भोकाच्या भिंतींना आधार देते. ताज्या द्रावणाची घनता १.०३ ते १.१० असावी, असं आयएस २९११ हे भारतीय मानक सांगतं. पातळ झालं तर भिंत ढासळते, फार दाट झालं तर काँक्रीटला ते नीट वर ढकलता येत नाही.

या पद्धतीने खडक कापायला दिवसच्या दिवस जातात. भुगा इतका बारीक होऊन येतो की मूळ दगड कसा होता, हे डोळ्यांनी सांगणं कठीण. पण चिझलचं वजन ठाऊक असतं, उंची ठाऊक असते आणि ठोके मोजता येतात. पाण्याच्या प्रश्नावरील कामामुळे महाराष्ट्राला परिचित असलेले अभियंता के. आर. दाते आणि त्यांचे सहलेखक करंदीकर यांनी १९८८ साली मुंबई परिसरातल्या पाइलिंगवरच्या निबंधात यावरूनच एक मोजमाप मांडलं: एक चौरस मीटर तळ एक सेंटिमीटर खाली जायला किती टन-मीटर ऊर्जा लागते? हिशेब सोपा आहे. दीड टनाची चिझल १.२ मीटरवरून सोडली की एका ठोक्याला १.८ टन-मीटर. ६०० मिलिमीटर व्यासाच्या भोकात दहा सेंटिमीटर जायला १५० ठोके लागले, तर आकडा येतो सुमारे ९५. शेजारच्या भोकात तोच आकडा निम्म्यावर आला, तर खाली काहीतरी बदललं आहे. ज्या धक्क्यांनी सोसायटी हैराण होते, तेच इंजिनिअरची मोजपट्टी होतात.

तरी ही मोजपट्टी बिनचूक नाही. चिझलची धार गेली की मऊ दगडही कडक भासतो. वायररोपचं घर्षण आणि चिखलाचा अडथळा ठोक्याची ताकद खातात. शिवाय रात्रपाळीचा सुपरवायझर ठोके खरंच मोजतो, की सकाळी रजिस्टर भरतो, हा प्रश्न कुठलंच सूत्र सोडवत नाही.

दुसरीकडे हायड्रॉलिक रोटरी रिग. जर्मनीच्या बाउर कंपनीने १९७६ मध्ये ‘बीजी ७’ आणली, आणि आज मेट्रोच्या साइटवर दिसणारी उंच मास्टची यंत्रं त्याच वंशातली. मास्टवरून एकात एक सरकणारा केली बार उतरतो, त्याच्या टोकाला गरजेप्रमाणे अवजार. मातीत बकेट, मुरमात ऑगर, कडक खडकात टंगस्टन कार्बाइडच्या दातांचं कोअर बॅरल. ट्रायपॉडला जिथे आठवडा लागतो, तिथे रोटरीचं भोक अनेकदा दिवसाच्या आत होतं. केबिनमधल्या पडद्यावर खोली आणि दाब दिसतात.

रोटरीची खरी मिळकत मला वेगळीच वाटते. कोअर बॅरल वर येतं तेव्हा त्यातून कधी कधी दगडाचा अख्खा गट्टू निघतो. हातात घ्या, हातोडी मारा, फटी पाहा, बाजूला ठेवून पाणी घाला आणि उद्या पुन्हा पाहा. हे चिझलला जमत नाही. उलट ठोक्यांचा हिशेब इथे नाही. त्याऐवजी टॉर्क आणि खाली जाण्याचा वेग जुळवून पाहावे लागतात. दात झिजले की इथेही तोच घोटाळा.

मग सगळीकडे रोटरीच का नाही? कारण ही यंत्रं कित्येक टनांची असतात आणि त्यांना उभं राहायला पक्की, सपाट जागा लागते. भरावाच्या मातीवर नीट प्लॅटफॉर्म न करता रिग चढवली तर ती कलंडते. चाळीच्या बोळात ती शिरतच नाही. ट्रायपॉड मात्र सुटा करून टेम्पोतून आणता येतो. पुनर्विकासाच्या कामात धप्प अजून ऐकू येतं, त्याचं मोठं कारण ट्रायपॉडचं कमी भाडं आणि बोळाची ही रुंदी.

समुद्रात हिशेब पुन्हा बदलतो. ३० जून २००९ ला खुल्या झालेल्या वांद्रे-वरळी सागरी सेतूखाली ६०४ मोठ्या व्यासाचे पाइल आहेत. काही ६ मीटरचे, काही ३४ मीटरचे. एकाच पुलाखाली इतका फरक, यावरून खालचा खडक किती लहरी आहे ते कळावं. १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालेल्या अटल सेतूचा १६.५ किलोमीटर भाग समुद्रावर आहे. तिथे रिव्हर्स सर्क्युलेशन रिग वापरल्या. डीएमसीच्या उलट चाल: ड्रिल पाइपमध्ये खाली हवा सोडायची, आतलं पाणी हलकं होऊन दगडाच्या तुकड्यांसकट पाइपमधूनच वर उसळतं. आपटणं नाही, त्यामुळे आवाज कमी. शिवडीच्या फ्लेमिंगोंच्या शेजारी काम करताना ते महत्त्वाचं. तुकडेही चिझलच्या भुग्यापेक्षा मोठे येतात, म्हणजे वाचता येतात. कोस्टल रोडवर तर चार पाइलांच्या गटाऐवजी एकच जाड मोनोपाइल घेतला, जाडी अडीच ते साडेतीन मीटर. एकाच पाइलवर खांब उभा असेल, तर तळाबद्दलची चूक वाटून घ्यायला शेजारी कोणी नसतो.

आणखीही प्रकार आहेत. सलग ऑगर फिरवत नेऊन पोकळ दांड्यातून काँक्रीट सोडणारी सीएफए पद्धत गाळाच्या प्रदेशात झकास, आपल्या बेसाल्टपुढे निरुपयोगी. हवेच्या दाबावर चालणारा डाउन-द-होल हॅमर मायक्रोपाइलला चालतो. गावाकडे बोअर मारायला तमिळनाडूतल्या तिरुचेंगोड्याहून येणाऱ्या गाड्यांवर असतो, तोच हा प्रकार.

रिग कुठलीही असो, काँक्रीटच्या आधी एक काम हातानेच होतं. टेपच्या टोकाला वजन बांधून एक जण भोकाच्या काठावर उकिडवा बसतो आणि टेप खाली सोडतो. वजन तळाला टेकलं की थोडं वर घेऊन पुन्हा टेकवतो. खाली गाळ साचला असेल तर वजन अलगद रुततं. तळ साफ असेल तर हाताला नेमका टणक धक्का बसतो. रुतलं, तर तो मान हलवतो आणि तळ धुण्याचं फ्लशिंग पुन्हा सुरू होतं. ट्रान्झिट मिक्सर बाहेर रस्त्यावर ड्रम फिरवत उभा राहतो.